निवडुंगाला सुकट

दहावीची परीक्षा संपली आणि माझ्या अंगात मुंग्या शिरल्या. एका जागी बसणं मला आजही जमत नाही, पण त्या उन्हाळ्यात त्याचा कळस झाला. विहिरीवर जायचं, परत यायचं, ओटीवर टेकायचं, उठायचं, रस्त्याच्या तोंडाशी जाऊन टॅक्सी दिसते का बघायचं. टॅक्सी दिसायचं काही कारण नव्हतं. बाबा मेच्या मध्यावर येणार होते आणि एप्रिल अजून सरला नव्हता. आई म्हणायची, "पायाला भिंगरी लागलीय का गं? बस की जरा गप." मी बसायचे आणि पुन्हा उठायचे.

बाबा आखातात होते. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. वसईत पापडीजवळच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत तेव्हा दोन-तीन घरांआड एक पुरुष आखातात असायचा, त्यामुळे त्यात नवल काही नव्हतं. आजोबांमागे वाडीच्या वाटण्या झाल्या. आमच्या वाट्याला विहीर आणि केळीच्या चार ओळी आल्या. तेवढ्यावर घर चालेना म्हणून बाबा पाइप जोडायच्या कामावर तिकडे गेले. ते गेले तेव्हा आई गरोदर होती. धाकटा भाऊ झाला, त्याचा बाप्तिस्मा झाला, तो चालायला लागला, आणि बाबांनी त्याला पाहिलं ते फक्त फोटोत. त्यांच्या पत्रांत दर वेळी तेच असायचं. मी मजेत आहे, इकडे ऊन फार आहे, मुलांना गोड पापा. ऊन आमच्याकडेही होतं. मला ती पत्रं वाचून राग यायचा.

मला एकच गोष्ट हवी होती. बाबा आले की त्यांनी परत जाऊ नये. ते कसं घडवायचं हे मला माहीत नव्हतं, आणि म्हणूनच बूड टेकत नव्हतं.

अशात एका रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर देवळाच्या आवारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. हे आमच्या पलीकडच्या आळीतले. राजस्थानात वाळवंटाच्या कडेला कुठल्याशा सरकारी संशोधन केंद्रात हयात काढून, निवृत्त होऊन घरी परतलेले. परतल्या परतल्या त्यांनी वाडीच्या वरच्या अंगाची केळी काढली, तिथे दगड आणि वाळू ओतली आणि निवडुंग लावले. ट्रंका भरभरून निवडुंग आणले होते म्हणे. हिरव्यागार वसईत वाळवंट करणारा हा माणूस भ्रमिष्ट झाला, यावर सगळ्या गावाचं एकमत होतं. आमच्याकडे निवडुंग लावायचा तो कुंपणाला, गुरं आत येऊ नयेत म्हणून. कुंपणाचीच बाग करून मध्ये काय राखणार, असं लोक विचारायचे.

"सुट्टीत मला पोरं हवीत," काका म्हणाले. आम्ही पुढे त्यांना काकाच म्हणायला लागलो. "पैसे मिळणार नाहीत. सरबत मिळेल. काटे फुकट."

मी लगेच हात वर केला. वाळवंट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर बाबा आले होते. ती माती, ती झाडं कशी असतात ते तरी कळेल, असं वाटलं. माझ्या शेजारच्या वाडवळांच्या वाडीतली माझी वर्गमैत्रीण माझ्या मागोमाग आली, कारण ती माझ्याशिवाय कुठेच जायची नाही आणि वर मलाच म्हणायची की तू माझ्यामागे लागतेस. तिसरा किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातला एक मुलगा, आमच्याच वर्गातला. तो का आला हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. मैत्रिणीला वाटायचं ते तिच्यासाठी. मला वाटतं सरबतासाठी.

पहिलं काम मिळालं वाळू धुण्याचं. कुणीतरी स्वस्तात समुद्रकाठची वाळू आणून टाकली होती आणि ती खारट होती. घमेल्यात वाळू घ्यायची, विहिरीचं पाणी ओतायचं, ढवळायचं, पाणी सांडायचं, पुन्हा तेच. मग उन्हात पसरायची, वाळली की चाळायची. कपडे धुवावेत, भांडी धुवावीत, पण वाळू? मी काकांना विचारलं, "धुतली हे कळणार कसं?"

"जिभेवर ठेव," ते म्हणाले.

ठेवली. खारट. पुन्हा धुतली. आठवडाभर माझ्या दातांत वाळू कचकचत होती. पण हात चालू होते, त्यामुळे डोकं जरा गप्प राहायचं.

निवडुंगांना हात लावायची परवानगी नंतर मिळाली. वर्तमानपत्राची घडी करून ती झाडाभोवती पट्ट्यासारखी गुंडाळायची आणि तिला धरून उचलायचं. मोठे काटे परवडले, दिसतात तरी. पण नागफणीच्या अंगावर जी बारीक पिवळी कुसळं असतात ती दिसत नाहीत आणि निघतही नाहीत. संध्याकाळी आमच्या घरी जपमाळ व्हायची. मे महिना मरियामातेचा, म्हणून शेजारच्या बायकाही यायच्या. मी गुडघ्यांवर बसून माळेचे मणी सरकवायचे आणि बोटांत ती कुसळं अशी टोचायची की मी चुळबुळत राहायचे. आई डोळे मिटूनच मला कोपर मारायची. प्रार्थना संपली की मेणबत्तीचं कोमट मेण माझ्या तळव्यावर ओतायची, गार झालं की सालीसारखं ओढून काढायची. मेणाबरोबर थोडी कुसळं निघायची. "येशूला काट्यांचा मुकुट घातला तो लोकांनी," ती म्हणायची, "तू स्वतःहून जातेस."

काकांच्या बागेत मला खरोखर अडकवलं ते एका वाक्याने. एके दिवशी गुडघे चोळत ते म्हणाले, "भई, माझ्याच्याने आता दोन्ही होत नाही. खालच्या वाडीला एक जाणता माणूस हवा. केळीतलं कळणारा. पगारावर ठेवीन, इकडची बागही तोच बघेल."

माझ्या हातातलं खुरपं खाली पडलं. केळीतलं कळणारा! बाबांच्या हातची राजेळी केळी म्हणजे काय होती ते साऱ्या आळीला ठाऊक होतं. केळी सुकवून सुकेळी करायला लोक आमच्याच घडांची, लोंगरांची, वाट बघायचे. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "माझे बाबा येतायत." काका म्हणाले, "मग घेऊन ये त्यांना." मी घरी काही बोलले नाही. आईला सांगितलं असतं तर ती आशेला लागली असती, आणि एका घरात दोन आशाळभूत नकोत असं माझं मत होतं. मैत्रिणीला मात्र सांगितलं. ती म्हणाली, "मग आता तरी जरा माणसासारखी वाग, नायतर काका म्हणतील पोरगी अशी तर बाप कसा असेल." त्या दिवसापासून मी बागेत जीव तोडून कामाला लागले. दगड रचले, वाफे साफ केले. काकांना बाबांची लेक आवडली पाहिजे, म्हणजे बाबा आवडतील, असा माझा सरळ हिशेब होता.

आणि नेमका तेव्हाच आम्ही तो घोळ घातला.

काका एका लग्नाला दोन दिवस बाहेरगावी गेले. जाताना बजावून गेले की पाण्याचा थेंब घालायचा नाही. पाणी आम्ही घातलं नाही, तेवढं शहाणपण आमच्यात होतं. पण ती झाडं इतकी सुकलेली, इतकी थिजलेली दिसायची की वाडीत वाढलेल्या माणसाला ते बघवत नाही. महिना झाला तरी एकाला नवीन पान नाही. पान मुळात नसतंच, हे कळत होतं, पण पटत नव्हतं. मैत्रीण म्हणाली, "खायला घालायला पायजे." आमच्याकडे पानवेल असो की केळ, झाड रुसलं की त्याला सुक्या मासळीचं खत घालतात. मासळी सुकवायच्या ओट्यांवर जो खराब माल उरतो, तो कुटून मुळाशी. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, आम्ही बघतच मोठे झालो होतो. कोळ्याचा मुलगा दुसऱ्या दिवशी गोणभर घेऊन आला. "पानी नको बोलले ना काका," तो म्हणाला, "मासली नको कोन बोलला?"

आम्ही प्रत्येक निवडुंगाच्या बुडाशी ओंजळ ओंजळ सुकट पुरली आणि समाधानाने घरी गेलो.

सकाळी आलो तर गावातली सगळी मांजरं वाळवंटात. काही कुत्रीही होती. आम्ही धुऊन चाळून पसरलेल्या त्या मऊ वाळूत त्यांनी यथेच्छ उकरलं होतं. लहान निवडुंग उताणे पडले होते. मोठा सोनेरी गोल निवडुंग, काकांचा लाडका, एका अंगावर कलंडला होता आणि त्याच्याखाली एक बोका नाक चाटत, फिसकारत बसला होता. त्याला काटे लागले होते, पण बोंबील सोडवत नव्हता. मैत्रीण रडायला लागली. मी बोक्यावर ओरडले, मग मैत्रिणीवर, मग कोळ्याच्या मुलावर. माझ्या डोळ्यांसमोर बाबांचा पगार, बाबांची वाडी, सगळं उताणं पडलं होतं.

काका परतले तेव्हा वाफ्यांच्या बाहेर उभे राहून त्यांनी वास घेतला. आम्हाला वाटलं, आता हाकलणार. ते कट्ट्यावर बसले आणि त्यांना हसू आवरेना. "उभ्या राजस्थानात हे कुणाला सुचलं नसतं," एवढंच म्हणाले. झाडं बहुतेक वाचली. फक्त सगळी वाळू पुन्हा काढून पुन्हा धुवावी लागली. मी ती इतक्या हौसेने धुतली की मैत्रिणीला माझी शंका आली.

बाबा आले. टॅक्सीच्या टपावर दोरीने बांधलेल्या बॅगा, ब्लँकेट, टेपरेकॉर्डर. ते काळे पडले होते आणि माझ्या आठवणीपेक्षा बुटके झाले होते. धाकट्याने त्यांना पाहिलं आणि जे भोकाड पसरलं ते आईच्या पदरात तोंड खुपसूनच थांबलं. बाबा हसत होते, पण त्यांना हातांचं काय करावं कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ते विहिरीमागे केळींत उभे होते, लुंगी खोचून, सुकी पानं कापत. मला वाटलं, झालं. आले ते इथेच रमणार.

तरी मी थांबले. पाहुणे, भेटीगाठी, चर्चमधली आभाराची मिस्सा, सगळं होऊ दिलं. माझ्यासारखीने तेवढे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. मग एका संध्याकाळी म्हटलं, "बाबा, चला, तुम्हाला एक गंमत दाखवते."

काकांनी त्यांना अख्खी बाग फिरवून दाखवली. पावसाआधी झाडांवर प्लास्टिकचा मांडव घालायचा होता, त्याचे बांबू आम्ही नुकतेच रोवले होते. बाबांनी एक बांबू हलवून बघितला आणि न सांगता दोन लाथा मारून पक्का केला. सोनेरी गोल निवडुंगापाशी ते उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले.

"तिकडं असलं काय नाय," ते म्हणाले.

"काहीच नाही?" मी विचारलं.

"पत्र्याच्या खोल्या. पाइप. मग नुसती जमीन." ते उठले. "झाड असं बघायलापन नाय भेटत."

ते "बघायलापन" ऐकून मला भरून आलं आणि आनंदही झाला. काकांनी संधी बघून विषय काढला. खालची वाडी, पगार, राहत्या घरापासून हाकेच्या अंतरावरचं काम. बाबा ऐकत होते. चपलेने वाळूत रेघा ओढत होते. खालच्या केळींकडे त्यांची नजर जात होती, माघारी येत होती, पुन्हा जात होती. त्यांना मोह पडला होता. आजही कुणी शपथेवर विचारलं तर मी हेच सांगेन. मैत्रिणीने माझा हात धरला होता, कुसळांसकट.

"काका, ती मांजरांची गोष्ट सांगितली का यांना?" कोळ्याचा मुलगा मध्येच बोलला. शांतता त्याला सोसायची नाही.

आणि त्याने सांगितली, बोक्याच्या आवाजासकट. बाबा हसले. आल्यापासून ते असे हसलेच नव्हते. डोळे पुसत म्हणाले, "अरे, मीपन तेच करतो."

"काय करता?" मी विचारलं.

मग ते सांगायला लागले आणि थांबेचनात. तिकडे गेले तेव्हा त्यांनी आमच्या विहिरीमागचा एक राजेळीचा मुनवा, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू, ओल्या गोणपाटात गुंडाळून कपड्यांखाली लपवून नेला होता. आईलाही सांगितलं नव्हतं. तिथे खोलीच्या मागे एसीचं पाणी ठिबकतं, त्या ठिबकीखाली खड्डा करून तो लावला. गरम वाऱ्याने पानं फाटली, केळ करपली. पण मरता मरता तिच्या बुडाशी पिल्लू फुटलं. त्याला पत्र्याचा आडोसा केला. ते तगलं. आता त्यांच्या खांद्याच्या वर गेलंय. कामावरून आले की सगळी माणसं, मल्याळी, पठाण, सगळी, तिच्याभोवती खाटा टाकून बसतात. आणि खत म्हणून बाबा तिला सुकट घालतात.

"कुठली सुकट?" मैत्रिणीने विचारलं.

"आमच्या घरातली. हिची आई पाठवते ती."

आई दर हंगामात गच्चीवर बोंबील आणि करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, सुकवायची. कुणी आखातात जाणारं भेटलं की त्याच्याबरोबर बाबांना पाठवायची. कावळे हाकलायला मला बसवायची, आणि तिथे मी बसायचे, एका जागी, तासन्‌तास, कारण ते बाबांसाठी होतं.

"आता दोन-तीन महिन्यांत व्यायची, लोंगर येईल," बाबा काकांना म्हणाले, एक वाडीवाला दुसऱ्याला सांगतो तसं. "पठाणाला सांगून आलोय पानी घालायला. पन त्याला काय कळतं? तो एकदम बादली ओततो. व्यायला आलेली केळ सोडून मी कसा राहू?"

काकांनी मान हलवली. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. आमच्याकडे व्यायला आलेली केळ टाकून कुणी दोन दिवसांच्या लग्नालाही जात नाही. तिला टेकू द्यायचा असतो, लोंगर वाऱ्याने मोडू नये म्हणून. हे काकांना कळत होतं, मला कळत होतं, मैत्रिणीने हात सोडला म्हणजे तिलाही कळलं होतं. पैशाचं कारण बाबांनी सांगितलं असतं तर मी भांडले असते. पगाराचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. हे कारण मात्र मला पटत होतं, आणि पटत होतं याचाच मला संताप आला. न पाहिलेल्या त्या केळीचा मी त्या संध्याकाळी जेवढा द्वेष केला तेवढा नंतर कुठल्या माणसाचाही केला नाही.

घरी जाताना बाबा म्हणाले, "छान आहेत काका. पुढच्या वेळेला बघू."

मी म्हटलं, "हो."

रजा संपत आली. शेवटच्या दिवशी आई बॅग भरत होती. लोणचं, सुकेळी, धाकट्याचा नवा फोटो. बाबा खाटेवर बसून धाकट्याला जवळ ओढायचा प्रयत्न करत होते. तो आता रडत नव्हता, पण मांडीवर बसवलं की अंग ताठ करून घसरायचा. शेवटी आईने डब्यातली सुकट काढली. डोकी खुडलेले, एकसारखे निवडलेले बोंबील. ती ते वर्तमानपत्रावर ओतून पुन्हा एकदा निवडायला लागली. एखादा मोडका दिसला की बाजूला काढत होती.

मला ते बघवेना. "कशाला निवडतेस?" मी ओरडले. "ते खात नाहीत! केळीला घालतात! तिकडे केळ लावलीय त्यांनी, तिच्या मुळात घालतात सगळं!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "सगळं नाय," ते म्हणाले. "थोडं खातो की."

"कुठली केळ?" आईने विचारलं.

बाबांनी सांगितलं. बागेत सांगितलं होतं त्याच्या चौथाईत, खाली मान घालून. व्यायला आलीय, हेही सांगितलं. आईचे हात बोंबलांवर तसेच थांबले होते. धाकटा बाबांच्या मांडीवरून घसरला, धावत तिच्याकडे गेला आणि तिच्या पदराला धरून उभा राहिला. त्याच्या जन्माच्या वेळी ती शेजारणीबरोबर रिक्षातून दवाखान्यात गेली होती. तेव्हा घरात मी होते, आणि मी बारा-तेरा वर्षांची होते.

मला वाटलं, आता ती सगळं फेकून देईल. मला तेच हवं होतं.

आईने वर्तमानपत्राचा आणखी एक कागद घेतला. समोरच्या ढिगाचे हातानेच दोन वाटे केले. बाजूला काढलेले मोडके बोंबील तिने कुठल्याच वाट्यात घातले नाहीत. दोन पुड्या बांधल्या, दोन्हींना दोरा गुंडाळला आणि बाबांसमोर खाटेवर ठेवल्या.

"ही तुमची," ती म्हणाली. "आणि ही तिची. बाळंतीण व्हायचीय ना, तिला कमी पडायला नको."

बाबांनी दोन्ही पुड्या उचलल्या. आपली मोठ्या बॅगेत तळाशी घातली आणि तिची हातातल्या पिशवीत वर ठेवली, गेल्या गेल्या सापडावी म्हणून.